एझेड९१ ला टी४ दिल्यावर ग्रेन चौपट मोठे दिसतायत, हे खरंच वाढले का?

रात्रपाळीवाला

नमस्कार मंडळी, मॅग्नेशियमवर काम करणारं कोणी असेल तर जरा मदत हवी आहे. सॅंड कास्टिंगचे एझेड९१ चे तुकडे आहेत (मॅग्नेशियममध्ये ९ टक्के अॅल्युमिनियम, १ टक्क्याच्या आत झिंक, थोडं मॅंगनीज). त्यांना ४१३ डिग्रीला १६ तास सोल्युशन ट्रीटमेंट दिली, हवेत थंड केले (ही टी४ अवस्था), मग त्यातले काही १६८ डिग्रीला १६ तास एजिंगला टाकले (ही टी६). एचिंग, म्हणजे रचना उठून दिसावी म्हणून पृष्ठभागाला रसायन लावणं, नायटलने (नायट्रिक अॅसिड आणि अल्कोहोल) केलं. कास्ट तुकड्यात इंटरसेप्ट मेथडने (फोटोवर रेघ मारून ती किती बाउंड्री ओलांडते ते मोजून) ग्रेन साइज, म्हणजे धातूतल्या एकेका स्फटिकाचा आकार, ३० मायक्रॉनच्या आसपास येतोय आणि टी४ नंतर तोच १२० च्या घरात. मला वाटलं होतं हीट ट्रीटमेंटने ग्रेन बारीक होतील, स्टीलला नॉर्मलायझिंग केल्यावर होतात तसे, इथे तर उलटंच झालं. हार्डनेस टी४ मध्ये किंचित कमी आला पण तुकडा वाकवला तर आधीपेक्षा बराच जास्त वाकतोय, म्हणजे हे पण कळेना की ग्रेन मोठे झाले तर डक्टिलिटी वाढली कशी.

दुसरं म्हणजे एजिंगनंतर ग्रेन बाउंड्रीच्या कडेने काळपट पट्टेदार डाग दिसतायत, बघायला अगदी स्टीलमधल्या थराथरांच्या पर्लाइटसारखे. ते काय आहे? आणि शेवटचा प्रश्न, नुसत्या भट्टीने ग्रेन बारीक करायचा काही रस्ता आहे का?

ठोकपीटकर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते सोपं आहे. नाही. कास्ट तुकड्याला नुसती उष्णता देऊन ग्रेन बारीक होत नाहीत.

स्टीलमध्ये होतात कारण तिथे गरम करताना फेराइटचा ऑस्टेनाइट होतो आणि थंड होताना परत उलटं, म्हणजे प्रत्येक वेळी नवे ग्रेन जन्माला येतात. मॅग्नेशियमला हा प्रकारच नाही, खोलीच्या तापमानापासून ६५० डिग्रीला वितळेपर्यंत त्याची रचना हेक्सागोनलच राहते. मग नवे ग्रेन यायला दुसरा मार्ग उरतो रिक्रिस्टलायझेशनचा, आणि त्याला आधी धातूत डिफॉर्मेशनची ऊर्जा साठलेली लागते. कास्टिंगला कोणी रोल केलंय की फोर्ज केलंय? नाही ना, मग नवे ग्रेन उगवणार कशातून. भट्टीत ठेवलं तर आहेत तेच राहतील नाहीतर वाढतील.

सूक्ष्मदर्शी

ठोकपीटकर बरोबर आहेत पण मला मूळ प्रश्नच वेगळा वाटतोय. रात्रपाळीवाला, तुमचे ग्रेन चौपट वाढले असं मला अजिबात वाटत नाही, मला वाटतं कास्ट तुकड्यात तुम्ही ग्रेन मोजलेच नाहीत.

एझेड९१ घट्ट होताना काय होतं ते बघा. आधी अल्फा मॅग्नेशियमचे डेंड्राइट वाढतात, फुलासारखे फाटे फुटत, आणि जसजसे ते वाढतात तसतसं अॅल्युमिनियम उरलेल्या द्रवात ढकललं जातं. शेवटी फाट्यांच्या मधल्या फटीत जे द्रव उरतं ते ४३७ डिग्रीला युटेक्टिक (एकाच ठरावीक तापमानाला घट्ट होणारं मिश्रण) म्हणून घट्ट होतं आणि तिथे बीटा फेज बसतो, म्हणजे १७ अणू मॅग्नेशियमला १२ अणू अॅल्युमिनियम असं कंपाउंड. हे ग्रेनच्या कडेला तर असतंच पण एकाच ग्रेनच्या आत, त्याच्या फाट्यांच्या मधेही असतं. नायटल लावलं की हे सगळं जाळं उठून दिसतं आणि आपल्याला वाटतं की जाळ्याचा प्रत्येक घर म्हणजे एक ग्रेन. तो ग्रेन नसतो, डेंड्राइटचा सेल असतो, आणि एका ग्रेनमध्ये असे कितीतरी सेल मावतात. तुमचे ३० मायक्रॉन बहुतेक त्या सेलचे आहेत.

आता ४१३ ला काय झालं, तर ते जाळं विरघळलं. ४३७ ला मॅग्नेशियममध्ये १२.७ टक्क्यांपर्यंत अॅल्युमिनियम मावतं, ४१३ ला त्याहून थोडं कमी पण तुमच्या ९ टक्क्यांना भरपूर जागा आहे. त्यामुळे बीटा जवळजवळ सगळा गेला, फाट्यांच्या मधला अॅल्युमिनियमचा चढउतार सपाट झाला आणि मायक्रोस्कोपखाली उरल्या फक्त खऱ्या ग्रेन बाउंड्री. त्या पहिल्यापासून १२० वरच होत्या, जाळ्याखाली झाकलेल्या होत्या एवढंच. म्हणूनच बरेच लोक कास्ट एझेड९१ चा ग्रेन साइज मोजायलाच मुद्दाम छोटी टी४ देतात, जाळं पुसायला.

१६ तास का लागतात याचा ढोबळ अंदाज हवा असेल तर ४१३ डिग्रीला अॅल्युमिनियम एवढ्या वेळात २०-३० मायक्रॉन सरकतं, म्हणजे सॅंड कास्टिंगच्या एका सेलएवढं अंतर. जाड कास्टिंगमध्ये सेल मोठे असतात म्हणून तिथे वेळ वाढवावा लागतो.

डक्टिलिटीचं उत्तर पण यातच आहे. बीटा ठिसूळ, आणि तो सलग जाळ्यासारखा पसरलेला, तुकडा ताणला की भेग त्या जाळ्याने पळत जाते. जाळं गेलं की भेगेला तयार वाट राहत नाही. छापील तक्त्यांत सॅंड कास्ट एझेड९१सी चे आकडे बघा, कास्ट अवस्थेत इलाँगेशन (तुटेपर्यंत किती ताणलं जातं ते) २.५ टक्के आणि टी४ मध्ये १५ टक्के. यील्ड (ज्या ताणाला कायमचा आकार बदलायला लागतो तो) मात्र ९७ वरून ९० मेगापास्कल, म्हणजे जवळपास तिथेच.

ठोकपीटकर

हे पटलं. अजून एक हिशोब जोडतो. मॅग्नेशियमचा हॉल-पेच स्थिरांक (ग्रेन बारीक झाले की ताकद किती वाढते ते सांगणारा आकडा) मोठा असतो, २०० ते ३०० मेगापास्कल गुणिले मायक्रॉनचं वर्गमूळ या पट्ट्यात, अॅल्युमिनियमचा याच्या कितीतरी खाली. कारण नेहमीचंच, हेक्सागोनल रचनेत सोपी स्लिप, म्हणजे अणूंचे थर एकमेकांवर सरकणं, फक्त बेसल प्लेनवर (षटकोनाच्या तळाच्या पातळीवर) आणि तिथून स्वतंत्र स्लिप सिस्टिम मिळतात दोनच, पाहिजेत पाच, त्यामुळे शेजारच्या ग्रेनला डिफॉर्मेशन पोचवायला बाउंड्रीवर फार जोर लागतो. आता मधला २५० धरला तर ३० मायक्रॉनला बाउंड्रीचा वाटा येतो साधारण ४६ मेगापास्कल आणि १२० ला २३. खरंच चौपट वाढ झाली असती तर यील्ड वीसच्या वर पडायला हवा होता, तक्त्यात पडतोय ७.

सूक्ष्मदर्शी

@ठोकपीटकर हिशोब छान आहे पण पुरावा म्हणून मी तो वापरणार नाही. टी४ मध्ये अॅल्युमिनियम सोल्युशनमध्ये जातं आणि ते पण थोडी ताकद देतं, बीटाचं जाळं जाऊन थोडी कमी होते, म्हणजे तीन गोष्टी एकाच वेळी हलतायत. यील्ड बघून ग्रेन साइज ओळखायला गेलात तर फसाल. सरळ बघून ठरवावं.

रात्रपाळीवाला

बाप रे, म्हणजे माझा सगळा आलेखच सेल विरुद्ध ग्रेन असा निघाला. पण हे दाखवू कसं? आमच्याकडे ईबीएसडी (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने ग्रेनची दिशा मोजायची सोय) नाहीये, साधा ऑप्टिकल मायक्रोस्कोप आहे, पोलरायझर आहे असं ऐकून आहे, वापरलेला नाही.

सूक्ष्मदर्शी

पोलरायझर असेल तर अर्धं काम झालं. मॅग्नेशियम हेक्सागोनल असल्यामुळे पोलराइज्ड उजेडात वेगवेगळ्या दिशेचे ग्रेन वेगवेगळ्या छटेचे दिसतात. नायटलऐवजी अॅसेटिक-पिक्रल घ्या, म्हणजे पिक्रिक अॅसिड, अॅसेटिक अॅसिड, पाणी आणि इथेनॉल. ते पृष्ठभागावर पातळ थर सोडतं आणि ग्रेनप्रमाणे रंग बदलतो. मग कास्ट तुकड्यातच दिसेल की शेजारशेजारचे कितीतरी सेल एकाच रंगाचे आहेत, तो एक ग्रेन.

पिक्रिक अॅसिड कोरडं पडू द्यायचं नाही, कोरडं झालं की स्फोटक असतं. बाटलीच्या झाकणाच्या आट्यांवर सुकलेली पावडर दिसली तर झाकणाला हातच लावू नका, प्रयोगशाळेच्या प्रमुखांना बोलवा.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो कारण त्यात वाद घालायला जागा राहत नाही. एकाच कास्टिंगच्या एकाच जागेचे तुकडे घ्या आणि ४१३ ला वेगवेगळा वेळ ठेवा, ४ तास, ८, १६, २४. चार तासांच्या तुकड्यात जाळ्याचे अवशेष अजून असतील आणि खऱ्या बाउंड्री पण दिसायला लागल्या असतील, दोन्ही एकाच फोटोत. मग पुढच्या तीन तुकड्यांत ग्रेन तेवढेच राहिले तर वाढ नाही, आणि वाढले तर किती वाढले ते पण कळेल.

पॉलिशिंगबद्दल पण सांगून ठेवतो. शेवटच्या पायऱ्यांना पाणी वापरू नका, पृष्ठभाग गंजून डाग पडतात, अल्कोहोलवर करा. आणि कापताना, घासताना जोर दिला की ट्विन तयार होतात, ग्रेनच्या आत भिंगाच्या आकाराच्या पट्ट्या. त्या बघून हीट ट्रीटमेंटने ट्विन आले असं लिहिणारे मी पाहिलेत.

भट्टीवाले काका

सगळं वाचलं. पोरांनो, ग्रेन वाढतच नाहीत असं पण समजू नका. एझेड मालिकेत काही कास्टिंगमध्ये, खास करून जिथे साच्यात चिल (धातू लवकर गार करणारे तुकडे) लावलेले असतात त्या भागात, सोल्युशनच्या वेळी मधूनच काही ग्रेन बेसुमार फुगतात. सगळे सारखे वाढत नाहीत, दोनचार राक्षस होतात आणि बाजूचे गिळतात. यावर जुना नुस्खा आहे, सलग १६ तासांऐवजी ४१३ ला ६ तास, मग ३५२ ला उतरवून २ तास, परत ४१३ ला १० तास. हँडबुकमध्ये छापलेला आहे, माझ्या डोक्यातून आलेला नाही. तुमचा तुकडा चिलजवळचा असेल तर हे तपासा.

आता भट्टीचं बोलतो, कारण वरच्या कोणीच ते विचारलं नाही आणि मला त्याचीच काळजी वाटली. तुकडे थेट ४१३ च्या भट्टीत टाकले का? टाकू नका. २६० ला आत ठेवायचे आणि तिथून दोनेक तास घेऊन हळूहळू ४१३ ला न्यायचं. घाई केली तर बीटाला विरघळायला वेळ मिळत नाही आणि जिथे अॅल्युमिनियम झिंक जास्त साठलंय तिथे ते युटेक्टिक वितळायला लागतं. झिंक असल्यामुळे ते ४३७ च्या खालीही वितळू शकतं. एकदा आतून वितळलं की बाउंड्रीवर पोकळ्या राहतात, त्या नंतर कशानेच भरत नाहीत, तो तुकडा भंगारात. भट्टीचा काटा ४१३ दाखवतो म्हणजे तुकडा ४१३ ला आहे असं नसतं, थर्मोकपल तुकड्याला लावा.

आणि एवढ्या तापमानाला संरक्षक वायू पाहिजेच. कार्बन डायऑक्साइड, किंवा त्यात थोडा सल्फर डायऑक्साइड, काही ठिकाणी सल्फर हेक्साफ्लोराइड वापरायचे पण तो वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींच्या वर आहे म्हणून लोक त्याच्यापासून लांब चाललेत. भट्टीत चुरा, बर (कडेला उरलेली धातूची कुसळं) नकोत, तुकडे स्वच्छ पुसून ठेवायचे. आग लागली तर पाणी मारायचं नाही, म्हणजे नाहीच, जळतं मॅग्नेशियम पाण्यातून हायड्रोजन काढतं आणि भडका उडतो. मेटल फायरची पावडर किंवा पूर्ण कोरडी वाळू जवळ ठेवा. आणि अॅल्युमिनियमसाठी नायट्रेटचा सॉल्ट बाथ असेल कुठे तर त्यात मॅग्नेशियम घालायचा विचार स्वप्नातही आणू नका, स्फोट होतो.

रात्रपाळीवाला

काका, वायू होता, कार्बन डायऑक्साइडच सोडलेला. तापवणं मात्र थेट होतं, आता पुढच्या वेळी २६० वरून नेतो. ते पर्लाइटसारखं काय आहे ते राहिलंच.

सूक्ष्मदर्शी

ते डिस्कंटिन्युअस प्रेसिपिटेशन. आणि ग्रेनचाच विषय काढलात तर एजिंगमधली सगळ्यात मजेदार गोष्ट हीच आहे, कारण यात ग्रेन बाउंड्री स्वतः चालायला लागते.

टी४ नंतर अॅल्युमिनियम जबरदस्तीने आत अडकलेलं असतं, १६८ ला एवढं मावत नाही, ते बाहेर पडायला बघतं. बाहेर पडायचे दोन मार्ग. एक म्हणजे ग्रेनच्या आत जागोजागी बीटाच्या बारीक पट्ट्या तयार होणं, हे कंटिन्युअस. दुसरा म्हणजे बाउंड्रीवर बीटा सुरू होतो आणि मग बाउंड्री शेजारच्या ग्रेनमध्ये सरकत जाते, तिच्यातून अॅल्युमिनियम भराभर पसरतं कारण बाउंड्री म्हणजे अणूंसाठी मोकळा रस्ता, आणि मागे बीटा आणि मॅग्नेशियमचे आलटून पालटून थर सोडत जाते. ते थर तुम्हाला पर्लाइट वाटले, दिसायला तसेच असतात, पण घडण वेगळी. म्हणून टी६ नंतर बाउंड्री टी४ इतक्या सरळ दिसत नाहीत, वाकड्यातिकड्या, फुगलेल्या दिसतात.

या थरांनी ताकद फारशी मिळत नाही, ते जाड असतात आणि एकमेकांपासून लांब. ग्रेन बारीक असतील तर बाउंड्री जास्त, म्हणजे हे सुरू व्हायला जागाही जास्त, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आणि सोल्युशननंतर जाड तुकडा हळू थंड झाला तर हे तिथेच सुरू होऊ शकतं, एजिंगच्या आधीच. तुमच्या टी४ च्या तुकड्यात बाउंड्रीवर थोडे असे डाग आहेत का बघा, असतील तर पंख्याची हवा द्या.

ठोकपीटकर

आणि कंटिन्युअसवाले तरी कुठे मोठे दिवे लावतात. एझेड९१ मध्ये बीटाच्या पट्ट्या बेसल प्लेनवर आडव्या पडतात आणि स्लिप पण बेसल प्लेनवरच होते, म्हणजे डिसलोकेशन (ज्याच्या सरकण्याने स्लिप होते तो स्फटिकातला दोष) दोन पट्ट्यांच्या मधून आरामात निघून जातं, पोलिसांनी रस्त्याला समांतर बॅरिकेड लावल्यासारखं. त्यामुळे एवढं एजिंग करून यील्ड ९० वरून १४५ च्या आसपास जातो, अॅल्युमिनियमच्या एजिंगवाल्या अलॉयशी तुलना केली तर किरकोळच, आणि इलाँगेशन १५ वरून ६ ला येतं. डब्ल्यूई४३ हा दुसरा मॅग्नेशियम अलॉय बघा, ४ टक्के यिट्रियम, ३ टक्के निओडिमियम आणि बाकीचे रेअर अर्थ, त्यात पट्ट्या प्रिझमॅटिक प्लेनवर, म्हणजे बेसलला काटकोनात, उभ्या राहतात आणि खरंच अडवतात. त्याचं सोल्युशन ५२५ ला ८ तास, एजिंग २५० ला १६ तास. तापमान बघा किती वर आहे, तिथे ग्रेन वाढायची भीती एझेड९१ पेक्षा जास्त, पण त्यात झिर्कोनियम असतं.

फोर्जिंगची_ताई

झिर्कोनियमचा विषय निघाला म्हणून येते. ग्रेन बारीक हवे असतील तर ते वितळलेल्या धातूतच करायचं असतं. झिर्कोनियमचा हा ग्रेन बारीक करायचा गुण १९३७ साली साउअरवाल्ड यांना सापडला, पण अॅल्युमिनियम असलेल्या अलॉयमध्ये तो चालत नाही, अॅल्युमिनियम झिर्कोनियमला पकडून कंपाउंड करून खाली बसवतं. म्हणून एझेड९१ वाल्यांना कार्बनवर किंवा वितळ खूप वर तापवून झटकन खाली आणण्यावर भागवावं लागतं. रात्रपाळीवाला, तुमचे १२० मायक्रॉन हे ओतणाऱ्याने ठरवलेत, तुमच्या भट्टीने नाही.

माझं काम एझेड३१ या दुसऱ्या मॅग्नेशियम अलॉयच्या शीटवर आहे, तिथे चित्र एकदम वेगळं आहे. शीट रोल केलेली, आत ऊर्जा साठलेली, ग्रेन ट्विनने भरलेले. ३४५ डिग्रीला अॅनिलिंग केलं की नवे ग्रेन उगवतात, समअक्षीय, स्वच्छ, आणि इथे भट्टी खरोखर ग्रेन बारीक करते. जास्त वेळ ठेवलं तर तेच परत वाढायला लागतात, म्हणून इथे घड्याळ महत्त्वाचं. एच२४ नावाने जी शीट मिळते ती अर्धवट अॅनिल केलेली, त्यात जुने ताणलेले आणि नवे दोन्ही ग्रेन शेजारी दिसतात. नवे ग्रेन सगळीकडून सारखे उगवत नाहीत, शिअर बँड (जास्त डिफॉर्म झालेले अरुंद पट्टे), कॉम्प्रेशन ट्विन आणि डबल ट्विन यांच्यात आधी उगवतात. साधे टेन्शन ट्विन, जे स्फटिकाच्या जाळीला ८६ डिग्रीने फिरवतात, ते यात फारसे कामाचे नाहीत.

पण एक गोष्ट भट्टीने सुटत नाही. रोलिंगने सगळ्या ग्रेनचे बेसल प्लेन शीटला समांतर होतात आणि अॅनिलिंगने नवे ग्रेन आले तरी तेही बहुतेक त्याच दिशेने बसतात. ग्रेन सुंदर, शीट तरीही गार असताना वाकवली की तडकते. त्यावर उपाय अलॉयमध्ये, थोडं रेअर अर्थ किंवा कॅल्शियम घातलं की अॅनिलिंगनंतरचं टेक्श्चर, म्हणजे ग्रेनचं असं एकाच दिशेने बसणं, बरंच ढिलं पडतं.

रात्रपाळीवाला

ताई, मग कास्ट तुकडा गरम करून थोडा दाबला आणि मग अॅनिल केला तर? आमच्याकडे छोटी प्रेस आहे.

फोर्जिंगची_ताई

चालेल की, पण आधी टी४ द्या. बीटाचं जाळं तसंच ठेवून दाबलात तर भेगा तिथूनच सुरू होतील. मग ३०० ते ३५० च्या मधे हळू दाबा, एझेड९१ गार असताना दाबायच्या भानगडीत पडू नका. बहुतेक तुम्हाला नंतर वेगळं अॅनिलिंग करावंच लागणार नाही, कारण दाबतानाच डायनॅमिक रिक्रिस्टलायझेशन होतं, जुन्या बाउंड्रीच्या कडेने बारीक ग्रेनची माळ तयार होते. तापमान कमी आणि वेग जास्त तेवढे ते बारीक, पण त्याच दिशेने भेगांचा धोका पण वाढतो, त्यामुळे पहिला तुकडा वरच्या तापमानाला घ्या.

भट्टीवाले काका

आणि प्रेसचे डाय पण गरम करा. गार डायवर गरम मॅग्नेशियम ठेवलं की कातडी लगेच गार पडते आणि कडेला फाटतं, मग इथे येऊन विचाराल की ग्रेन बाउंड्रीचं काय चुकलं.

रात्रपाळीवाला

डाय गरम करायची सोय आहे, बँड हीटर पडून आहेत. आधी ४-८-१६-२४ तासांचे तुकडे टाकतो, २६० वरून चढवत, पोलरायझरचे फोटो काढले की इथेच टाकेन. काका, तो तुकडा चिलजवळचा आहे की नाही ते ओतणाऱ्यांना विचारलंय.

भट्टीवाले काका

विचारलंत ते ठीक, पण उत्तराची वाट बघत बसू नका, २४ तासांच्या तुकड्याची पूर्ण कापलेली बाजू एच करून नुसत्या डोळ्यांनी बघा. राक्षस झाले असतील तर मायक्रोस्कोपही लागत नाही.